रुबी मायर्स ऊर्फ सुलोचना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मूकपटांवरच्या लेखात रुबी मायर्सचं नाव ओझरतं येऊन गेलं आणि बरीच पत्रं आली. सारख्या मजकुराचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे.

ही सुलोचना म्हणजे आपल्या सुलोचनादीदीच ना? की लावणीवाल्या सुलोचनाबाई? (सांगली)

दोघीही नव्हेत. सुलोचनादीदी म्हणजे सुलोचना लाटकर, मराठी-हिंदी पडद्यावरची आई. सुलोचना चव्हाण लावणीसम्राज्ञी. ही सुलोचना या दोघींच्या आधीची. 1907 साली पुण्यात जन्मलेली रुबी मायर्स, जी 1925 पासून मुंबईच्या मूकपटांत चमकली. सुलोचना हे तिचं पडद्यावरचं नाव. मूकपटाच्या काळात स्टुडिओवाले नटीला असं देशी नाव सर्रास देत. रेने स्मिथची सीतादेवी झाली ती अशीच.

ती ज्यू होती म्हणता. म्हणजे आमच्या अलिबागकडचे शनिवार तेली का? माझ्या आजोबांचे शेजारी रोहेकर होते, घरात मराठीच बोलत. (पेण)

तुमच्या आजोबांचे शेजारी बेने इस्रायली. शतकानुशतकं कोकणात राहून तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, आणि गावावरून पेणकर, चेऊलकर, रोहेकर अशी आडनावं लावणारे. रुबी मायर्स मात्र बगदादी ज्यूंपैकी. ही मंडळी इराक-सीरियाकडून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी आली. घरात आधी अरबी, मग इंग्रजी. मुंबईचा बडा व्यापारी डेव्हिड ससून त्यांच्यातलाच. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यानंच बांधवलं.

सिनेमाच्या पायाभरणीत दोन्ही समाजांची माणसं आहेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर बेने इस्रायली, म्हणजे तुमच्याच गावचं आडनाव. डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आपले नट डेव्हिड, तेही त्यांच्यातलेच. अभिनेत्री नादिरा मात्र बगदादी.

पण सिनेमात ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलीच एवढ्या का? आपल्याकडच्या बायका कुठे होत्या? (नाशिक)

घरी होत्या, आणि ‘घरंदाज’ हा शब्द त्यांना घरातच ठेवायला वापरला जात होता. दादासाहेब फाळक्यांना 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. पुढे ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले! दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये उभ्या राहिल्या खऱ्या, पण त्यांच्या मागोमाग रांग लागली नाही.

बगदादी ज्यू आणि अँग्लो-इंडियन घरांतल्या मुली त्या काळात कचेरीत जात, टंकलेखन करत, टेलिफोनवर बसत. पगार घरी आणणं त्यांच्याकडे लाजिरवाणं नव्हतं. रुबी स्वतः टेलिफोन ऑपरेटर होती. त्या घरांतही सिनेमाचं नाव चांगलं होतं असं समजू नका. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी विचारलं तेव्हा तिनं आधी चक्क नकार दिला होता. भवनानींनी पिच्छा सोडला नाही म्हणून ती आली.

तिनं असं काय केलं की एवढा गवगवा व्हावा? सुंदर होती, एवढंच ना? (पुणे)

सुंदर होती, यात वाद नाही. पण सुंदर नट्या इतरही होत्या. माझ्या मते तिचं वेगळेपण तिच्या चित्रपटांच्या नावांतच दिसतं. पडद्यावर सती, देवी आणि राजकन्यांची गर्दी असताना 1926 मध्ये ती ‘टाइपिस्ट गर्ल’ झाली आणि ‘टेलिफोन गर्ल’ही. 1929 मध्ये ‘इंदिरा बी.ए.’. ट्राममधून कामावर जाणारी मुलगी मुंबईत नुकती दिसू लागली होती. तिला नायिका केलं ते या चित्रपटांनी, आणि नायिका साकारणारी मुलगी खरोखरच टेलिफोनच्या खुर्चीवरून उठून आली होती. बोलपटाच्या काळात याच इंदिरेला 1934 साली बढती मिळाली : ‘इंदिरा एम.ए.’. निर्मात्यांनी पदवीचाही पुढचा भाग काढला!

तिची ताकद बघायची तर 1927 चा ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ घ्या. एका चित्रपटात आठ रूपं. त्यांत माळी, पोलीस शिपाई, हैदराबादी नबाबी थाटाचा गृहस्थ, रस्त्यावरचा पोरगा, सोनेरी केसांची गोरी मड्डम आणि केळी विकणारी म्हातारी. ज्या देशात चौदा वर्षांपूर्वी पुरुषाला तारामती व्हावं लागलं, तिथे एक बाई पुरुषांचे वेश घेऊन तंबू आणि थेटरं भरवत होती. संवाद नाहीत, आवाज बदलायची सोय नाही. म्हातारीचं म्हातारपण कमरेतून आणि शिपायाचा रुबाब खांद्यांतूनच दाखवायचा. ‘नुसती देखणी’ म्हणून तिला बाजूला सारणाऱ्यांनी हे एवढं लक्षात घ्यावं.

मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा तिचा पगार जास्त होता, हे खरं का? (ठाणे)

सिनेमावरच्या प्रत्येक दुसऱ्या लेखात हे वाक्य असतं. हिशोब करून पाहू. तिचा पगार सगळीकडे महिना 5000 रुपये असा दिला जातो. 1935 च्या कायद्यानं मुंबईच्या गव्हर्नरला ठरवून दिलेलं वेतन वर्षाला 1,20,000, म्हणजे महिना 10,000. तेव्हा साहेबांचा पगार दुप्पटच. दंतकथेला एवढंच म्हणायचं असावं की एका बाईला इतके पैसे मिळतात हे लोकांना पचत नव्हतं. 5000 हा आकडा त्या काळात डोळे विस्फारायला पुरेसा होता, त्याला गव्हर्नरचा आधार कशाला हवा?

बोलपट आले आणि ती संपली, असं म्हणतात. (कोल्हापूर, बडोदे, आणखी तिघे)

लगेच संपली नाही. अडखळली. मूकपटात कलाकाराची भाषा कोणी विचारत नसे. पडद्यावर पाटी यायची, बऱ्याचदा एकावर तीन-चार लिपी, आणि थेटरातलं कोणीतरी ती मोठ्यानं वाचायचं. इंग्रजी बोलणारी नायिका त्यात बिनदिक्कत खपून गेली. 14 मार्च 1931 ला मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. कंपनी अर्देशीर इराणींची इंपिरियल, म्हणजे कोहिनूरनंतर सुलोचना जिथे काम करत होती तीच, पण नायिका झुबेदा. सुलोचनाची हिंदुस्थानी कच्ची होती. तिनं मग वर्षभर काम थांबवून भाषा शिकून घेतली आणि 1932 मध्ये ‘माधुरी’ या आपल्याच गाजलेल्या मूकपटाच्या बोलत्या अवतारातून परतली. नायक दिनशा बिलिमोरियाबरोबरची तिची जोडी पुढेही चालली, तिनं स्वतःची कंपनीसुद्धा काढली.

तिला मागे टाकलं ते नुसत्या भाषेनं नाही. बोलपटाला गाणारी नायिका हवी होती, आणि त्या फळीतल्या मुली दरवर्षी नव्या येत होत्या. 1938 मध्ये इंपिरियलही बंद पडली.

हा उतार ‘अनारकली’त लख्ख दिसतो. 1928 मध्ये लाहोरची एक कंपनी याच कथेवर चित्रपट काढत होती. इंपिरियलनं घाईघाईनं आपली ‘अनारकली’ पूर्ण करून आधी लावली. अनारकली सुलोचना. 1935 मध्ये बोलपट, अनारकली पुन्हा सुलोचनाच. 1953 च्या गाजलेल्या गाण्यांच्या ‘अनारकली’त नायिका बीना राय, आणि सुलोचना सलीमची आई. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, ज्यांनी तिला ‘इंदिरा एम.ए.’ केलं होतं तेच. नायिकेला आई करायला आपल्या सिनेमाला फार वेळ लागत नाही, तेव्हाही लागला नाही.

1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. देविका राणीनंतर तो मिळवणारी ती दुसरी स्त्री. 10 ऑक्टोबर 1983 ला ती मुंबईत वारली.

तिचे मूकपट कुठे बघायला मिळतील? (डोंबिवली)

जवळजवळ कुठेच नाही. भारतात 1300 च्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले तीसही धड उरलेले नाहीत. फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. शिवाय तिच्यात चांदी असे, त्यामुळे चाल संपलेली रिळं चांदी काढायला विकली जात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये उभं राहीपर्यंत बहुतेक माल गेलेला होता. हाती उरतात ती स्थिरचित्रं, जाहिराती, पुस्तिका. चालती-बोलती सुलोचना पाहायची असेल तर 1953 ची ‘अनारकली’ सहज मिळते. गाणी पुढे ढकलू नका, पण जोधाबाई पडद्यावर आली की जरा नीट बघा.