सहा खोल्यांचे भाडे आणि 70 लाखांचे कर्ज

प्रश्न : मी 39 वर्षांचा असून पुण्यात खासगी कंपनीत नोकरीला आहे. हातात दरमहा 1,10,000 रुपये येतात आणि सिंहगड रस्त्यावर 18,000 रुपये भाड्याच्या घरात आम्ही राहतो. धायरीत तळमजला अधिक दोन मजल्यांची, सहा खोल्यांची इमारत 96 लाखांना मिळते आहे. सध्या एकूण भाडे 42,000 रुपये येते. माझ्याजवळ सर्व मिळून 36 लाख रुपये आहेत. त्यातले 26 लाख किमतीपोटी भरून उरलेल्या 70 लाखांचे कर्ज काढावे काय? अमेरिकेत लोक चार घरांची इमारत घेऊन भाड्यातूनच हप्ता फेडतात, असे पाहण्यात आले. मालक आठवड्याभरात एक लाख रुपये टोकन मागत आहेत.

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण आकडे मोकळेपणाने दिलेत, त्यामुळे हिशेब मांडणे सोपे झाले. या किमतीला आणि एवढ्या कर्जावर ही इमारत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील उदाहरण खोटे नाही, पण त्यामागची व्यवस्था वेगळी आहे. तिथे स्वतः राहणाऱ्या मालकाला चार घरांपर्यंतच्या इमारतीसाठी सरकारी विम्याचे संरक्षण असलेले कर्ज केवळ साडेतीन टक्के रक्कम स्वतः भरून मिळू शकते आणि व्याजदर 30 वर्षे स्थिर ठेवता येतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात मालमत्तेच्या किमतीच्या कमाल 80 टक्के आणि त्यावरच्या कर्जात 75 टक्केच रक्कम मिळते, मुद्रांक शुल्क या हिशेबात धरले जात नाही, आणि बहुतेक कर्जे बदलत्या व्याजदराची असतात.

साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरली, तर 70 लाखांचा हप्ता सुमारे 60,750 रुपये होतो. त्यातले पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच 49,600 रुपयांच्या घरात जाते. भाड्याच्या 42,000 रुपयांकडे आता जरा जवळून पाहू. नऱ्हे-आंबेगावच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी भाडेकरू असतील, तर मे महिन्यात खोल्या रिकाम्या होतात, म्हणून वर्षातून सरासरी एक महिना प्रत्येक खोली मोकळी राहील असे मी धरतो. मिळकतकर, उन्हाळ्यातले टँकर, जिन्यातले दिवे, मोटार, रंगरंगोटी आणि गळती यांसाठी वर्षाला आणखी लाखभर रुपये बाजूला ठेवतो. उरतात दरमहा साधारण 30,200 रुपये. म्हणजे भाड्यातून हप्ता तर सोडाच, व्याजही निघत नाही. शिवाय 26 लाख किमतीपोटी आणि सुमारे सात लाख मुद्रांक शुल्क व नोंदणीपोटी दिल्यावर आपल्याजवळ तीन लाखही पुरते उरणार नाहीत. तेवढ्यात पाच हप्तेसुद्धा भरून होत नाहीत. प्राप्तिकराच्या नव्या प्रणालीत घराच्या उत्पन्नातला असा तोटा पगारातून वजा करता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. जुन्या प्रणालीत ती सोय दोन लाखांपर्यंत आहे.

मला अधिक काळजी वाटते ती कागदांची. ‘गुंठेवारीतले आहे, पण कागद क्लिअर आहेत’ असे एजंटने सांगितल्याचे आपण लिहिले आहे. गुंठेवारी म्हणजे रीतसर मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेली जमीन. ही दोन वाक्ये एकत्र ऐकली की मी आधी मंजूर नकाशा मागतो. नकाशात तळमजला अधिक एकच मजला असेल, तर बँकेचा व्हॅल्युअर जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जाईल, फोटोही काढील, पण त्या मजल्याचे मूल्य शून्य लिहील. मग 70 लाखांच्या अपेक्षेने बसलेल्या माणसाला 40-45 लाख मंजूर होतात, टोकन अडकलेले असते, आणि तो उरलेली रक्कम वित्तसंस्थेकडून चढ्या व्याजाने उचलतो. भोगवटा पत्र (इमारत मंजूर नकाशाप्रमाणे असून वापरास योग्य असल्याचा दाखला) नसेल, तर अनेक बँका दारातूनच परत पाठवतात. तेव्हा मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, गुंठेवारी नियमित झाल्याचा दाखला आणि वकिलाचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोज्यांच्या जुन्या नोंदींचा अहवाल) या गोष्टी आधी, पैसे नंतर.

भाडेकरूंबाबतही थोडे थांबावे. पाच खोल्यांचे भाडे प्रत्येकी 7,700 रुपये आहे, तर तळमजल्यावरचे कुटुंब 2011 पासून कराराविना 3,500 रुपयांत राहते आणि ‘नंतर वाढवता येईल’ असे आपल्याला सांगण्यात आले आहे. ते इतके सहज नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, आणि तसा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते. हा प्रश्न विकणाऱ्याने खरेदीखतापूर्वी सोडवून द्यावा. इतर पाच खोल्यांचे लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीचे) करार नोंदलेले आहेत का, तेही पाहावे. मुदत संपूनही खोली न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वाट त्याच कागदामुळे मोकळी होते. भाडेकरूंची डिपॉझिटे आज मालकाच्या खिशात आहेत, उद्या ती परत आपल्याला करावी लागतील, म्हणून ती रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी. (ही साधी गोष्ट फार जण विसरतात.) सहा खोल्यांना महावितरणचा एकच मीटर आणि पुढे सबमीटर असतील, तर सगळ्यांचा वापर एकत्र मोजला जाऊन वरच्या टप्प्याचा दर लागतो आणि दर महिन्याला बिलावरून वाद होतात; स्वतंत्र मीटर आहेत का, हे स्वतः जाऊन पाहावे.

कर्ज 40 लाखांच्या वर गेले नाही, तर व्याज भाड्यातून निघते आणि आपल्याजवळ सुमारे आठ लाखांची गंगाजळीही राहते. त्यासाठी इमारतीची किंमत 63 लाखांच्या जवळ यायला हवी, आणि तेवढी ती येणार नाही हे मलाही दिसते. आपल्या जागी मी आधी भोगवटा पत्र असलेला 50 लाखांच्या आसपासचा वन बीएचके राहण्यासाठी घेतला असता : 32 लाखांच्या कर्जाचा हप्ता 27,800 रुपयांच्या आसपास बसतो, आजचे 18,000 रुपये भाडे वाचते आणि 14 लाख हाताशी राहतात. खोल्यांच्या व्यवसायाची हौस असेल, तर त्या पैशांच्या बळावर तीन-चार वर्षांनी पुन्हा विचार करता येईल.

टोकनबाबत मालकांना एवढेच सांगावे, की मंजूर नकाशाची आणि भोगवटा पत्राची प्रत हाती आली की वकिलाला दाखवून पुढच्या आठवड्यात कळवतो. प्रत देण्यास टाळाटाळ झाली, तर एक लाख रुपये बँकेतच राहू द्यावेत.