टाइमशेअरचा प्रश्न आणि आईच्या मुदत ठेवीचे पाच लाख

कोथरूडहून एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ४६, चाकणच्या एका कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार महिन्याला १ लाख १५ हजार रुपये. पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीत, आणि ७१ वर्षांच्या आई सोबत राहतात. एका मॉलमध्ये भरलेल्या सोडतीच्या कुपनावरून त्यांना फोन आला, पती-पत्नी दोघांनीही यायलाच हवे अशी अट असलेल्या सादरीकरणाला ते गेले आणि तीन तासांनी महाबळेश्वरजवळच्या एका रिसॉर्टच्या २५ वर्षांच्या सदस्यत्वासाठी, म्हणजे टाइमशेअरसाठी, ५ हजार रुपये टोकन भरून बाहेर पडले. किंमत ४ लाख २० हजार, त्याशिवाय देखभालीचे वार्षिक शुल्क १९ हजार, आणि त्या बदल्यात वर्षाला सहा रात्री. ‘पुण्यापासून इतके जवळ आहे की मनात आले की निघता येईल, मग घेणे योग्य ठरेल का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पैशांची तजवीज त्यांनी एका वाक्यात सांगितली आहे: ‘आईच्या एका मुदत ठेवीचे ५ लाख बँकेतल्या साहेबांनी जास्त परताव्याच्या योजनेत वळवले आहेत, वर्षभराने ते मोकळे झाले की टाइमशेअरची उरलेली रक्कम एकदम भरून टाकू.’ त्या योजनेची कागदपत्रे ४ तारखेला घरी आली, त्यांतले फारसे कळत नाही असे लिहून त्यांनी पहिल्या पानाचे छायाचित्रही सोबत जोडले आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘घेऊ नका’ असे आहे आणि त्याची कारणे मी पुढे देतो. मात्र त्या छायाचित्रातले पान वाचल्यावर मी टाइमशेअरचे माहितीपत्रक बाजूला ठेवले आणि त्याच संध्याकाळी आपल्याला वेगळे कळवले, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते.

ते पान आयुर्विमा पॉलिसीचे आहे. प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणारी व्यक्ती, म्हणून आपल्या आईंचे नाव आहे आणि ज्याच्या जिवाचा विमा उतरवला आहे ती व्यक्ती आपण स्वतः आहात. त्याखालच्या चौकटीत बारीक अक्षरांत चार नोंदी आहेत: हप्ता ५ लाख रुपये, हप्त्याची वारंवारता वार्षिक, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत २० वर्षे. म्हणजे पुढच्या वर्षी याच सुमारास आईंच्या खात्यात ५ लाख येणार नाहीत. त्या खात्यातून आणखी ५ लाख जाणार आहेत, आणि असे एकूण दहा वेळा जाणार आहेत. ज्या पैशांवर आपण टाइमशेअर उभा केला आहे ते पैसे वर्षभराने मोकळे होणारच नाहीत.

आता आईंच्या बाजूने हिशेब पाहू. आपण लिहिता की त्यांच्याकडे एकूण २३ लाखांच्या ठेवी होत्या आणि महिन्याला १९ हजार कुटुंबनिवृत्तिवेतन आहे. २३ मधून ५ गेले, १८ उरले. आणखी तीन हप्ते भरले की ३ लाख उरतात आणि पाचव्या हप्त्याला पैसेच नसतात. बांधिलकी मात्र ५० लाखांची आहे. ज्या बाईंची सगळी पुंजी २३ लाख आहे त्यांच्याकडून ५० लाखांच्या करारावर सही घेतली गेली, आणि ही सही घेणाऱ्याला त्यांच्या खात्यातली प्रत्येक ठेव संगणकाच्या पडद्यावर दिसत होती. याला मी गैरसमज म्हणायला तयार नाही.

समजा, आपण स्वतःच्या पगारातून दहाही हप्ते भरले. पानाच्या तळाशी विसाव्या वर्षी मिळणारी हमी रक्कम ९२ लाख छापली आहे आणि तो आकडा पाहून कुणाचेही डोळे दिपतील. दहा वर्षे दरसाल ५ लाख आणि मग आणखी दहा वर्षे थांबणे, याचा परतावा मोजला तर तो वर्षाला साधारण ४ टक्के निघतो. आईंची मोडलेली ठेव याहून बरीच जास्त देत होती. शिवाय ते ९२ लाख मिळतील तेव्हा आई ९१ वर्षांच्या असतील. विमा म्हणून पाहिले तरी हा व्यवहार टिकत नाही, कारण आपल्या जिवावर ५० लाखांचे कवच हवेच असेल तर शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) या हप्त्याच्या एका लहानशा अंशात मिळतो आणि तो आपण आपल्या पगारातून घ्यायचा असतो, आईच्या म्हातारपणाच्या पैशांतून नव्हे.

यातून बाहेर पडण्याची वाट आहे. पॉलिसीचा दस्तऐवज हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री-लूक मुदत म्हणतात. भरलेल्या रकमेतून मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा किरकोळ हप्ता वजा होऊन बाकीचे पैसे परत मिळतात. आपले पत्र २१ तारखेचे आहे, म्हणजे तेव्हा १३ दिवस हातात होते. तरीही त्या तेरांवर विसंबू नका. पॉलिसी अनेकदा आधी ईमेलने पाठवली जाते आणि मुदत त्या दिवसापासून मोजल्याचे सांगितले जाऊ शकते. त्यासाठी दस्तऐवजात मागे जोडलेली प्रस्ताव अर्जाची प्रत उघडून त्यावर ईमेल पत्ता आणि मोबाइल क्रमांक कोणाचा लिहिला आहे ते आजच पाहा. अशा प्रकरणांत तिथे ग्राहकाचा पत्ता नसून विक्री करणाऱ्याने ठोकून दिलेला भलताच पत्ता आढळल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे, आणि तसे असेल तर ती गोष्टही तक्रारीत लिहायची आहे.

अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, बँकेत नव्हे. बँकेत गेलात तर ते साहेब चहा मागवतील, ‘एक वर्ष थांबा, मी बघतो’ म्हणतील, आणि त्या बघण्यात मुदत संपून जाईल. प्रस्तावक आई असल्याने सही त्यांची लागेल, म्हणून त्यांना सोबत न्या. हप्ता दरवर्षी भरायचा आहे हे सांगितले गेले नव्हते आणि ही रक्कम मुदत ठेव म्हणूनच देण्यात आली होती, असे कारण स्पष्ट लिहा. मूळ पॉलिसी, रद्द केलेला धनादेश आणि ओळखपत्राची प्रत जोडा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. त्याच दिवशी हाच मजकूर कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेलनेही पाठवा. वार्षिक हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याची परवानगी आईंकडून घेतली गेली असणार. ती बँकेला लेखी कळवून रद्द करा.

कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे, तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या यंत्रणेवर १५५२५५ या क्रमांकावरूनही तक्रार नोंदवता येते. मुदत हुकली तर मात्र प्रकरण अवघड होते. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरल्यावरही काही समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यास परत मिळणारी रक्कम, मिळू लागले आहे, पण ते भरलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी असते. पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा विकणाऱ्याच्या कमिशनमध्ये गेलेला असतो, आणि एवढ्या घाईने सही घेण्याचे कारणही तेच आहे.

आईंनी विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हटले, याचा आपल्याला राग आल्याचे पत्रात जाणवते. माझी विनंती आहे की तो राग त्यांच्यावर काढू नये. ‘फोन येईल, त्यावर फक्त हो म्हणा, नाहीतर ठेवीचे काम अडेल’ असे त्यांना आधीच सांगितलेले असते. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकांनी अशाच पॉलिसीचे तीन हप्ते सोन्याच्या बांगड्या मोडून भरले होते, कारण मुलाला कळले तर तो रागावेल याची त्यांना भीती वाटत होती. त्यांचा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा फ्री-लूक मुदत उलटून अडीच वर्षे झाली होती.

पैसे परत आले की ते आईंच्याच नावावर राहावेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज आहे, मुदत पाच वर्षांची, कमाल मर्यादा ३० लाखांची, आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होते. ५ लाखांवर तिमाहीला १०,२५० रुपये होतात. बाकीच्या ठेवी मुदत संपेल तशा इकडे वळवल्या तर २३ लाखांवर तिमाहीला ४७ हजारांच्या आसपास येतील आणि निवृत्तिवेतनाला चांगली जोड मिळेल.

आता टाइमशेअर. आपण गेल्या दिवाळीत महाबळेश्वरला ज्या हॉटेलात उतरलात तिथला दर रात्रीला ५,५०० होता, नाश्त्यासह. सहा रात्रींचे ३३ हजार. देखभाल शुल्क आणि हॉटेलचे दर दोन्ही वर्षाला ७ टक्क्यांनी वाढतील आणि आपल्या पैशांवरही ७ टक्के मिळतील असे धरले, तर वाढ आणि व्याज एकमेकांना छेद देतात आणि २५ वर्षांचा हिशेब आजच्या रुपयांत सरळ गुणाकाराने होतो. हॉटेलचे ३३ हजार गुणिले २५, म्हणजे सव्वाआठ लाख. टाइमशेअरचे ४ लाख २० हजार अधिक १९ हजार गुणिले २५, म्हणजे जवळजवळ नऊ लाख. फरक थोडा वाटेल, पण हा नऊ लाखांचा आकडा एकही वर्ष, एकही रात्र वाया न घालवणाऱ्या कुटुंबाचा आहे. मुलीची बारावी, आईंचे गुडघे, कारखान्यातली वर्षअखेर यांत दहा वर्षे जाणे झाले नाही, तर हॉटेलचा खर्च पाच लाखांवर येतो आणि टाइमशेअरचा नऊ लाखच राहतो, कारण देखभाल शुल्क आपण गेलात की नाही हे विचारत नाही. विक्रेत्याने सुचवलेली हप्त्यांची सोय, म्हणजे ४२ हजार आधी आणि मग ४८ महिने साडेदहा हजार, ही १५ टक्क्यांचे कर्ज आहे. त्यात सव्वा लाखाचे व्याज वर जाते.

जवळ आहे ही या व्यवहारातली सर्वांत मोठी त्रुटी आहे. पुण्याचे कुटुंब महाबळेश्वरला किंवा लोणावळ्याला सलग सहा रात्री राहत नाही. शनिवारी पहाटे निघते आणि रविवारी संध्याकाळी वाहनांच्या रांगेतून परतते. त्या शनिवार-रविवारच्या खोल्यांवर सगळ्याच सदस्यांचा डोळा असतो, म्हणून मनात आले की निघता येईल हा आपला समज आरक्षणाच्या पहिल्या फोनलाच मोडेल. आपल्याला देऊ केलेले सदस्यत्व मधल्या हंगामाचे आहे आणि माहितीपत्रकातल्या तक्त्यात दिवाळी, नाताळ आणि मे महिना त्यातून वगळलेले आहेत. पत्नी शिक्षिका आणि मुलगी महाविद्यालयात असताना नेमके हेच दिवस आपल्याला मोकळे असतात. उरतो तो बराचसा पावसाळा. वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात जुलैमध्ये एक दिवस धुके पाहण्यात छान जातो, सहा दिवस जात नाहीत.

‘मालमत्ता’ आणि ‘मुलीला वारसा’ हे शब्द आपण पत्रात दोनदा वापरले आहेत आणि ते सादरीकरणातून आलेले आहेत. ज्या टाइमशेअरचा अर्ज आपण पाठवला आहे तो वापराचा हक्क आहे. सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर आपले नाव लागणार नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होणार नाही, आणि पंचविसाव्या वर्षाअखेर हातात काही उरणार नाही. मध्येच विकायचे म्हटले तर घेणारा मिळणे कठीण, आणि ‘तुमचे सदस्यत्व विकून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ म्हणणाऱ्यांचे फोन मात्र भरपूर येतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये.

टोकनचे ५ हजार परत मागणारा आणि अर्ज रद्द करणारा ईमेल आजच पाठवा. रद्द करण्याची मुदत अर्जाच्या मागच्या अटींत दिलेली असते. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. सहलींसाठी महिन्याला ३ हजारांची आवर्ती ठेव सुरू करा. वर्षाला ३६ हजार होतात, त्यात आपल्या सहा रात्री बसतात, आणि एखाद्या वर्षी कोकणात किंवा पानशेतला जावेसे वाटले तर कोणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक काम आहे आणि ते विमा कंपनीत जाण्याच्या आदल्या रात्रीच करावे. ज्या साहेबांनी ही ठेव वळवली तेच गेली चार वर्षे आईंच्या ठेवींचे नूतनीकरण करत आले आहेत, असे आपण लिहिता. आईंना शेजारी बसवा, उरलेल्या १८ लाखांच्या सगळ्या पावत्या टेबलावर मांडा आणि प्रत्येकीवर ‘मुदत ठेव’ हेच शब्द छापलेले आहेत ना, हे एकेक करून वाचून पाहा.