खड्डे आमच्या गल्लीत आणि डांबर शेजारच्या चांगल्या रस्त्यावर, असं का?

महापालिका कुठला रस्ता आधी घ्यायचा हे कशावरून ठरवते आणि चांगल्या रस्त्यावरच पुन्हा डांबर का टाकते, असं विचारलंय तुम्ही. मी २२ वर्षं एका महापालिकेच्या पथ विभागात जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता होतो, म्हणून राहवलं नाही.

चांगला रस्ता आधी घेतात ते बरोबरच आहे. डांबराचा वैरी पाणी. एकदा फेब्रुवारीत माझ्या हद्दीतल्या बसच्या रस्त्यावर केसाएवढ्या भेगा दिसल्या, खड्डा एकही नाही. हातातल्या बाटलीतलं पाणी भेगेवर ओतलं तर बघता बघता जिरलं, म्हणजे खालच्या खडीपर्यंत वाट झालेली. भेगा भरून पातळ थर टाका, पावसाआधी, असं लेखी दिलं, एस्टिमेट लावलं. वरून फाईल परत, खड्डेच नाहीत तर खर्च कशाला, आणि मार्च एंडला तोच निधी एका आतल्या गल्लीत गेला कारण तिथल्या तक्रारी जास्त. गणपतीपर्यंत बसचा रस्ता पार उखडला, बसच्या चाकाखाली सोलिंगचे, म्हणजे रस्त्याच्या पायातले दगड दिसायला लागले, तळापासून करावा लागला, माझ्या एस्टिमेटच्या पाचपट खर्च. आणि ती गल्ली? डिसेंबरात पाण्याच्या लाइनसाठी खोदली.

माझे मेव्हणे त्याच गल्लीतले. आजही चार माणसांत म्हणतात, तुम्ही लोक चांगल्या रस्त्यांवर पैसे उधळता. अहो, जो रस्ता मेलाय तो वर्षभर थांबला तरी त्याचा खर्च फारसा वाढत नाही, जो अजून तग धरून आहे तो एका पावसात हातचा जातो. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण मेव्हणे स्वतःच देतात, १९७६ चा, १० वर्षांची हमी घेऊन केलेला आणि पुढे कित्येक वर्षं टिकलेला. मग एकदा नीट करून जपायचं म्हटलं की यांनाच का पटत नाही?

बाकी नगरसेवकांची यादी, तक्रारी, वर्दळ, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (ज्या काळात रस्ता बिघडला तर ठेकेदारानेच दुरुस्त करायचा), सगळं बघितलं जातं, दबावही असतोच. तुम्ही वॉर्ड ऑफिसात एवढं विचारा की गल्लीत ड्रेनेज किंवा पाण्याची लाइन टाकायची आहे का. असेल तर आत्ता डांबर मागूच नका, लाइन आधी टाकून घ्या.

अर्थात वळणावरचा, टू-व्हीलर घसरेल असा खोल खड्डा असेल तर यातलं काहीच लागू नाही, तो त्याच दिवशी भरायला लावा.