मासे का चेपत नाहीत?

प्रश्न: २०२३ मध्ये टायटॅनिक बघायला निघालेली टायटन पाणबुडी प्रेशरने चेपली आणि आतले पाचही जण गेले. मग तेवढ्याच खोलीवर फिरणाऱ्या माशांना काहीच कसं होत नाही? त्यांची कातडी एवढी जाड असते का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: जाड कुठली, उलट खोल पाण्यातले बरेचसे मासे लिबलिबीत असतात. चेपायला आत पोकळी लागते. टायटनमध्ये माणसांना श्वास घ्यायला नेहमीसारखी हवा होती आणि बाहेर दर १० मीटरला एक वातावरण (म्हणजे जमिनीवर हवेचं असतं तेवढं) प्रेशर वाढत जातं, म्हणजे टायटॅनिक पडलंय त्या ३८०० मीटरवर साधारण ३८० पट, मग कवचाने जरा दगा दिला की संपलंच. माशाच्या अंगात जवळपास सगळं पाणीच, ते दाबलं तरी फारसं दबत नाही, म्हणून आत-बाहेर प्रेशर सारखं राहतं. झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली खाली सोडली तर पार चपटी होईल, पाण्याने गच्च भरलेली होणार नाही, तसंच हे.

काही माशांच्या पोटात तरंगायला हवेची पिशवी असते, आणि त्यांना खरा त्रास वर येताना होतो. १०० मीटरवरून झटकन ओढला तर पिशवीतली हवा ११ पट फुगायला बघते, म्हणून कधीकधी जाळ्यातल्या माशाचं पोट तोंडातून बाहेर आलेलं दिसतं. फार खोल राहणाऱ्या बऱ्याच माशांनी ही पिशवीची भानगडच ठेवलेली नाही.

पण खाली सगळं आलबेल आहे असंही नाही हं. एवढ्या प्रेशरखाली शरीरातल्या प्रथिनांचा आकार बिघडतो आणि आकार बिघडला की त्यांचं काम बंद. यावर माशांकडे उपाय आहे टीएमएओ नावाच्या रसायनाचा, ते प्रथिनांना सांभाळून धरतं आणि मासा जितका खोल राहणारा तितकं त्याच्या अंगात जास्त. तुम्ही रत्नागिरीचे, म्हणजे याचा वास तुम्हाला चांगलाच ठाऊक असणार! आपल्या नेहमीच्या समुद्री माशांतही ते थोडंफार असतं, मासा मेला की जिवाणू ते फोडतात आणि जो टिपिकल शिळ्या मासळीचा वास सुटतो तो त्यातूनच. लिंबू किंवा कोकमाचं आगळ चोळलं की वास कमी होतो, कारण आंबटपणामुळे ते वास मारणारं द्रव्य हवेत उडत नाही.

आता गंमत बघा, टीएमएओ वाढवत नेलं तर माशाच्या अंगातल्या पाण्यात विरघळलेली द्रव्यं समुद्रापेक्षा जास्त व्हायला लागतात आणि बाहेरचं पाणी आत शिरू बघतं. ही वेळ साधारण ८२०० ते ८४०० मीटरच्या आसपास येते असा शास्त्रज्ञांचा हिशोब होता, आणि २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत कॅमेऱ्याला सगळ्यात खोल मासा दिसला तो ८३३६ मीटरवर. स्नेलफिश म्हणतात त्याला, खवले नाहीत, मऊ जेलीसारखं अंग, आणि राहतो कुठे तर नखाएवढ्या जागेवर आठशे किलोहून जास्त भार पडतो तिथे. १९६० मध्ये मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर खाली गेलेल्या जाक पिकार यांनी तिथे चपटा मासा पाहिल्याचं सांगितलं होतं, पण आज बहुतेक तज्ज्ञ ते मानत नाहीत आणि वरचा हिशोब बघता मलाही ते पटत नाही. तिथे कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव मात्र खरंच आहेत.

प्रश्न: मग देवमाशाचं काय? त्याला तर फुप्फुसं असतात.
(आणखी एक वाचक, मालवण)

उत्तर: तो ती चेपू देतो! बरगड्या लवचिक असतात, खाली जाताना छाती आत जाते आणि फुप्फुसं मिटतात. ऑक्सिजनचा मोठा साठा रक्तात आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनात असतो, म्हणून तर त्याचं मांस जवळजवळ काळं दिसतं. कुव्हियर चोचवाल्या देवमाशाने जवळपास ३००० मीटरची बुडी मारल्याची नोंद आहे, आणि वर येऊन श्वास घेतला की बेटा पुन्हा खाली जायला तयार.