आधी त्यांना दाखव

प्रिय पोरी,

तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. विषय चांगला आहे, चित्रं त्याहून चांगली आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. तू विचारलंयस, 'मी कधी ऊसतोडीला गेले नाही, मग या बायकांवर काम करून फेलोशिप मागायचा मला हक्क आहे का?' हे मला का विचारतेस? मी तरी कुठे कोयता धरलाय? त्यांना विचार. तेही नुसतं तोंडी नको. पाहुणी दारात आली की बायका 'काढ की बाई' असंच म्हणतात. केलेलं काम त्यांच्यापुढे ठेव, म्हणजे खरं काय ते कळेल.

माझा आग्रह तेवढाच. गॅलरीच्या आधी त्यांना दाखव. परीक्षकांच्या आधी, इन्स्टाग्रामच्या आधी, माझ्याही आधी.

गर्भपिशवी काढलेल्या पोटांवरचे व्रण तू मोठ्या आकारात काढणार आहेस. बीडमधला हा प्रकार २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडे तू पहिल्याच पानावर टाकलेस, ठीक आहे. पण आकड्याला भावकी नसते, बाईला असते. व्रण कुणाचा आहे हे गावात ओळखू येतं. ही बाहेर जाऊन बोलते असं टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या मनात आलं की पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, अडते. आणि ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. तिची उचल अडली म्हणजे घराची अडली. हा धोका पत्करायचा की नाही, ते तू एसीत बसून कसं ठरवणार?

चेहरे झाकले की झालं, असंही समजू नकोस. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचं नाव-गाव नोंदवलं. नाहीतर त्या ओव्या 'लोकपरंपरा' म्हणून बेवारस झाल्या असत्या. एखादीला आपलं नाव चित्राखाली हवं असेल, एखादीला चित्रच नको असेल. ठरवू दे त्यांना.

आणखी एक. तिसऱ्या चित्रात तू मोळी सुतळीनं बांधलीयस. मोळी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पिळून बांधतात. परीक्षकांच्या ते लक्षातही येणार नाही. तळावरच्या कोपीबाहेर, झोपडीबाहेर, चुलीपाशी बसलेली कुठलीही बाई एका नजरेत सांगेल. म्हणून म्हणते, आधी त्यांना दाखव. यात उपकार त्यांच्यावर नाहीत, तुझ्या चित्रावर आहेत.

माझं काय झालं ते कुणीतरी तुझ्या कानावर घातलं असेलच. एका संस्थेच्या करारात सगळ्या कामाचे हक्क त्यांच्याकडे जाणार होते. मी म्हटलं, बायकांनी पाहिल्याशिवाय एकही चित्र देणार नाही. प्रदर्शनाची तारीख ठरलेली आणि बायका अजून उसाच्या फडात. शेवटचा हप्ता आलाच नाही, भिंतींवर दुसऱ्याचं काम लागलं. माझ्या बरोबरीचे आज परदेशात रेसिडेन्सी करतात, मी शाळेत चित्रकलेचे तास घेते. वाईट वाटत नाही असं नाही. त्यांचे जाडजूड कॅटलॉग टपालानं येतात तेव्हा तर फारच वाटतं. आडमुठी म्हणतात मला. म्हणोत. पुढे पावसाळ्यात ती चित्रं गावात नेली, तेव्हा दोघींनी आपापली काढून टाकायला सांगितली, आणि नेमकी तीच सगळ्यात उत्तम होती. शहरात आधीच लागली असती तर काय परत आणणार होते मी? कॅटलॉगमधून कशी खोडणार होते? मला तेव्हा पटलं होतं, आजही पटतं. आणि तू म्हणशील की ही बाई स्वतःचीच समजूत काढतेय, तर म्हण.

आता तुझं. तुझ्या फेलोशिपचं वर्ष मार्चअखेर संपतं. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे समारोपाचं प्रदर्शन बायका फडात असताना. चित्रं आधी गावात लागतील, अंगणवाडीत नाहीतर समाजमंदिरात, हे अर्जातच स्वच्छ लिही. मुदतवाढ लागणार असेल तर आत्ताच माग, मार्चमध्ये पाया पडत बसू नकोस. 'कामाचा प्रभाव कसा मोजणार' या रकान्यात किती बायकांनी आपलं चित्र नाकारलं तेही लिहिणार आहेस, असं लिही. परीक्षक बुचकळ्यात पडतील. पडू देत.

बजेटमध्ये रंग, फ्रेम, प्रवास, छपाई सगळं आहे. बायकांच्या वेळेचा एक रुपया नाही. तुझ्यासमोर बसायला एखादीनं दिवस मोडला तर तो खाडा होतो, आणि खाड्याचा दंड तिच्या हिशेबातून कापला जातो. तुला मानधन आणि तिला दंड! मानवी हक्कांवरच्या अर्जात हे तुझ्या नजरेतून सुटलं कसं, याचंच मला नवल वाटतं.

शिफारसपत्र लिहून तयार आहे. बजेटचं पान दुरुस्त करून उद्या सकाळपर्यंत पाठव. खाड्याची भरपाई त्यात दिसली की सही करते, त्याआधी नाही.

तुझी,
मॅडम