ऑनलाइन मानसशास्त्र: ऐकताना समजतं, पेपरात आठवत नाही

साताऱ्याच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारी २०२५च्या सत्रात प्रवेश घेतला, नोकरी आणि तीन वर्षांचा मुलगा सांभाळून पदवीच्या पहिल्या वर्षाचं मानसशास्त्र ऑनलाइन शिकतेय. व्याख्यानं ऐकताना सगळं कळतं, पण चाचणीत ४० पैकी १७ गुण. हा विषय आपल्याला झेपणारा नाही का?

ताई, नक्की झेपेल. मी बँकेत नोकरी करत दूरशिक्षणातून हीच पदवी घेतली आणि आता नव्या विद्यार्थ्यांचा छोटा अभ्यासगट चालवतो. तुमचीच तक्रार दर वर्षी ऐकतो, आणि ती करणारी माणसं मन लावून अभ्यास करणारी असतात.

अडचण विषयाच्या स्वभावातच आहे. रसायनशास्त्रात समजलं नाही की लगेच कळतं. इथे मात्र स्मृती, राग, सवय, प्रेरणा हे सगळे घरातलेच शब्द. व्याख्यान ऐकताना मान आपोआप डोलते. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणारे ४२ टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर. तुमची चाचणी पाच मिनिटांनी नव्हती, म्हणून १७.

म्हणून व्हिडिओ ऐकताना वही बंद ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी थांबवा, आठवेल ते लिहा, मग राहिलेलं वेगळ्या रंगात भरा. तोच भाग दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने, न बघता. पहिले काही दिवस फार कमी आठवेल, हात थांबेल. त्या अडखळण्यातच अभ्यास होत असतो, तिथे सोडू नका.

दुसरं, प्रत्येक संकल्पनेला घरातलं उदाहरण शोधा, पुस्तकातलं नको. प्रबलन म्हणजे एखादी वागणूक पुन्हा घडण्याची शक्यता वाढवणं. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, ही चूक जवळजवळ सगळे करतात. तुमचा मुलगा जेवताना रडतो, तुम्ही मोबाइल देता, रडणं थांबतं. त्रासदायक गोष्ट थांबली म्हणून पुढच्या वेळी तुम्ही मोबाइल आणखी लवकर द्याल. हे तुमच्या वागण्याचं ऋण प्रबलन. त्याच क्षणी त्याला रडण्याबद्दल हवी ती वस्तू मिळाली, म्हणजे त्याच्या रडण्याचं धन प्रबलन झालं. शिक्षेने वागणूक कमी होते. प्रबलन धन असो की ऋण, वागणूक वाढतेच. एका ताटापाशी दोन्ही दिसतात, आणि ते एकदा दिसलं की पेपरात गोंधळ होत नाही.

ऑनलाइन शिकताना प्रयोगशाळा हुकते, याची मला स्वतःला फार हळहळ वाटायची. पण स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाचा १९३५चा प्रयोग स्वयंपाकघरात होतो. स्केचपेनांनी वीस शब्द लिहा: ‘लाल’ हिरव्या शाईत, ‘निळा’ पिवळ्या शाईत, असे. शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा, मोबाइलवर वेळ मोजायची. मग नुसत्या रंगीत ठिपक्यांवर तेच. शब्दांना जास्त वेळ लागतो, कारण वाचन आपल्याला थांबवताच येत नाही. मी हे घरी केलं तेव्हा माझ्या भाचीला अक्षरओळख नव्हती. तिने दोन्ही कागद सारख्याच वेगात सांगितले आणि घरातली मोठी माणसं अडखळत राहिली. स्वयंचलित प्रक्रिया म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

परिभाषेबद्दल एक सावधगिरी. अनेक विद्यापीठांचं साहित्य हिंदी किंवा इंग्रजीत असतं. आपल्या मराठी पुस्तकांत बहुधा ‘वेदन’ म्हणजे सेन्सेशन (ज्ञानेंद्रियांनी टिपणं) आणि ‘संवेदन’ म्हणजे पर्सेप्शन (टिपलेल्याचा अर्थ लावणं). हिंदीत ‘संवेदना’ म्हणजे सेन्सेशन, तर पर्सेप्शनला ‘प्रत्यक्षण’. दोन्ही पुस्तकं मिसळून वाचलीत तर अर्थ उलटतो. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता पदवीबद्दल, कारण आणखी दोघांनी प्रवेशाचं विचारलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले आहेत. बी.ए.मध्ये अनेक विषय असतील तर तेवढा विषय वगळला जातो. त्यामुळे कुणी आजही ‘घरबसल्या मानसशास्त्राची पदवी’ म्हणून फी मागत असेल, तर आयोगाच्या संकेतस्थळावर मान्यता बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं, प्रत्यक्ष हजर राहून करायचं प्रशिक्षण पुढे लागतंच. ताई, तुमचा प्रवेश आधीचा आहे, तरी अभ्यासकेंद्राकडून तुमच्या तुकडीबद्दल लेखी उत्तर मागून ठेवा.