पाणी स्वच्छ दिसत असताना मासे का गेले

नमस्कार. तुमचं सगळं लिखाण दोनदा वाचलं. तुमचं अक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या पाण्यावर रोपं वाढवणं: ५०० लिटरची टाकी, तिच्यावर खडीचा ग्रो बेड (रोपांचा वाफा), बोटभर लांबीचे ४० तिलापिया, मासे आणि रोपं एकाच दिवशी सोडलेली. अठराव्या दिवशी मासे मरायला लागले म्हणून तुम्ही सगळं पाणी बदललं, खडी बाहेर काढून नळाखाली चोळून धुतली आणि पुन्हा भरली. त्यानंतर आणखी मासे गेले, एकूण अकरा. आज, पाणी बदलल्याच्या तिसऱ्या दिवशी, पीएच ८.२, अमोनिया लिटरमागे ४ मिलिग्रॅम, पाण्याचं तापमान २८ अंश. पाणी मात्र काचेसारखं नितळ. तुमचा प्रश्न असा की मासेच रोगट निघाले का, आणि सगळं मोडून नव्याने सुरू करावं का.

मासे रोगट होते असं मला वाटत नाही. मोडू तर अजिबात नका.

आधी खाद्याचा हिशोब करू, कारण उत्तर त्यातच आहे. तुम्ही रोज ३० ग्रॅम खाद्य टाकता आणि पाकिटावर प्रथिनं ३२ टक्के लिहिली आहेत. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे रोज दीड ग्रॅम नायट्रोजन टाकीत जातो. त्यातला अर्धाअधिक माशांच्या अंगी न लागता मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. पाऊण ग्रॅम धरला, तरी ५०० लिटरला रोज लिटरमागे दीड मिलिग्रॅम. तीन दिवसांचे साडेचार होतात आणि तुमचं पाणी तपासायचं किट ४ दाखवतंय. म्हणजे गेल्या तीन दिवसांत तयार झालेला जवळजवळ सगळा अमोनिया पाण्यात तसाच पडून आहे, तो खाणारं टाकीत कोणी उरलेलं नाही.

ते खाणारे म्हणजे जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं उचलतात. यालाच चक्र म्हणतात. हे जिवाणू पाण्यात फार थोडे तरंगतात. ते खडीच्या पृष्ठभागावर पातळ, बुळबुळीत थर करून राहतात. तो थर तुम्ही घाण समजून चोळून काढलात, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर उरलेल्यांना त्याने मारलं. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, म्हणून तुम्हाला आत्ता कसं वाटत असेल ते मला ठाऊक आहे. मासे मरताना दिसले की हात आपोआप साफसफाईकडे जातो.

आता पीएच. किटवर दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. २८ अंशाला पीएच ७ असेल तर एक टक्कासुद्धा विषारी नसतो, ८.२ ला तोच भाग दहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे तुमच्या टाकीत विषारी अमोनिया लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम आहे, आणि तो माशांचे कल्ले जाळायला पुरेसा आहे. हाच ४ चा आकडा पीएच ७ वर निघाला असता तर मासे बहुधा जगले असते.

आज काय करायचं ते सांगतो. खाद्य पूर्ण बंद, तीन दिवस. त्यांना काही होणार नाही, खाद्यच आत्ता त्यांना मारतंय. नंतरही रोज ५ ग्रॅमपासून सुरुवात करा, आणि अमोनिया ०.५ च्या खाली टिकला तरच वाढवा. पाणी एक तृतीयांश बदला, उद्या पुन्हा तेवढंच. नवं पाणी आधी २४ ते ४८ तास एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांतून सोडणारा सच्छिद्र दगड) लावून उघडं ठेवलेलं असावं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. तुमच्याकडे नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरत असतील तर ते असं उडत नाही, त्यासाठी मत्स्यपालनात वापरतात ते सोडियम थायोसल्फेट लागेल. आजच्या आज एवढं मुरलेलं पाणी नसेल, तरीही थायोसल्फेटच घाला. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. पाणी गरम होतं तसा त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि या जिवाणूंनाही माशांइतकाच तो लागतो.

आम्ल ओतून पीएच खाली आणू नका, कितीही मोह झाला तरी. खडीत चुनखडी असेल तर रात्रीतून तो पुन्हा वर येईल, आणि ही वरखाली माशांना स्थिर ८.२ पेक्षा जास्त सोसावी लागते. त्यापेक्षा दोन तपासण्या करा. बेडमधले चार खडे काढून, वाळवून त्यांवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे. दुसरी, नळाचं पाणी बादलीत घेऊन २४ तास हवा सोडून ठेवा आणि मग पीएच मोजा. ताज्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खोटा कमी दिसतो. मी कित्येक महिने नळाखाली धरलेल्या पाण्याचं ७.२ खरं मानून चाललो होतो, हवा दिल्यावर ते ८.१ निघालं.

खडी बुडबुडली तरी लगेच बदलू नका. जे काही जिवाणू पुन्हा येतील ते तिच्यावरच येणार आहेत. आधी चक्र बसू द्या, मग दर तीन-चार आठवड्यांनी बेडचा एक तृतीयांश भाग बदला.

नायट्राइट तुम्ही मोजलेलंच नाही, ते आजपासून रोज मोजा. अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढतो, आणि नवखे इथेच गाफील राहतात. नायट्राइट रक्तात शिरला की रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. पुन्हा एखादा मासा गेला तर त्याच्या कल्ल्यावरचं झाकण नखाने उचलून पाहा. निरोगी कल्ला लालभडक असतो, नायट्राइटने मेलेल्याचा चॉकलेटसारखा तपकिरी दिसतो. एकदा पाहिलंत की विसरणार नाही. यावर उपाय मीठ: लिटरमागे १ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५०० ग्रॅम, आयोडीन किंवा इतर काही न मिसळलेलं, बादलीत विरघळवून दिवसभरात थोडं थोडं. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत येऊ देत नाही. पण मीठ उडून जात नाही, म्हणून पुन्हा घालायचं ते फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच. पालेभाज्या एवढं सोसतात, स्ट्रॉबेरी सोसत नाही.

पानांबद्दल. तुम्ही लिहिलंय की कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता. पीएच ८.२ ला लोह असलं तरी मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) घेताना पाकीट नीट वाचा: ईडीटीए प्रकारचं साडेसहाच्या वर फारसं टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत चालतं, ईडीडीएचए तुमच्या पाण्यातही चालेल, फक्त पाणी लालसर होईल. पण हे मासे सावरल्यावर. मावा दिसला तर पाण्याच्या धारेने पाडा. कीटकनाशक कुठलंच नको, कारण पानावरून ओघळलेला थेंब टाकीतच येतो.

चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त, आणि तुमची मोजणी खडी धुतली त्या दिवसापासून नव्याने सुरू झाली आहे. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी सेटअप असेल तर त्यातली दोन ओंजळी खडी ओलीच आणून बेडमध्ये मिसळा, धुवायची नाही. बरेच दिवस वाचतात. टाकीवर झाकण घाला, नाहीतर उन्हाने शेवाळ धरेल आणि दुपारी पीएच आणखी वर नेईल. नवे मासे आणू नका. उरलेले २९ तुमच्या टाकीला भरपूर आहेत, ते मोठे होतील तेव्हा कदाचित जास्तच वाटतील.

एक वही करा: तारीख, वेळ, पीएच, अमोनिया, नायट्राइट, तापमान, किती ग्रॅम खाद्य, माशांनी किती मिनिटांत संपवलं. मोजमाप रोज एकाच वेळी, सकाळी खाद्याआधी. पहाटे मासे पाण्याच्या धारेजवळ तोंड वर करून गोळा होतात का, हेही लिहा. आठ दिवसांचे आकडे आणि व्हिनेगरचा निकाल मला कळवा, मग खडी किती आणि कधी बदलायची ते ठरवू. मधल्या काळात काहीही झालं तरी खडी धुऊ नका.